वाचकांचे प्रश्न : आघाताने दाबलेल्या धातूचे तापमान

गेल्या अंकातील पृथ्वीच्या गाभ्याविषयीच्या लेखात एक वाक्य होते : आतला घन गाभा आणि बाहेरचा द्रव गाभा जिथे एकमेकांना भिडतात, तिथे म्हणजे सुमारे ३३० गिगापास्कल दाबाखाली, लोखंड ६,२०० केल्व्हिनच्या आसपास वितळत असावे. त्या एका आकड्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : प्रयोगशाळेत धातूवर प्रचंड आघात करून त्याचा दाब आणि घनता एक-दोन टक्क्यांपर्यंत अचूक सांगता येते, असे वाचले. मग तापमानाच्या आकड्यापुढेच ‘अधिक-उणे ५००’ असे का लिहावे लागते? सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो, तसाच हा प्रकार असेल, तर दाबावरून तापमान काढता येऊ नये का?
(पदार्थविज्ञानाच्या शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आघाततरंग धातूतून जातो तेव्हा तरंगाच्या पुढचा धातू शांत असतो आणि मागचा दाबलेला व पुढे सरकणारा असतो. या दोन अवस्थांमध्ये वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशोब जुळलाच पाहिजे, या एका आग्रहातून रँकिन यांनी १८७० मध्ये आणि युगोनिओ यांनी १८८० च्या दशकात जी तीन समीकरणे मांडली, त्यांवर हे सगळे शास्त्र उभे आहे. तरंगाचा वेग आणि त्याच्या मागे सरकणाऱ्या धातूचा वेग, एवढ्या दोनच गोष्टी मोजल्या की दाब, घनता आणि आंतरिक ऊर्जा या तिन्ही राशी त्या समीकरणांतून थेट मिळतात. त्यासाठी धातूच्या स्वभावाविषयी काहीही गृहीत धरावे लागत नाही.

तांब्याचे उदाहरण घेऊ. तांब्याची चकती सेकंदाला ४ किलोमीटर वेगाने तांब्याच्याच स्थिर चकतीवर आदळली, तर सममितीमुळे दाबलेला धातू सेकंदाला २ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. अशा वेळी तांब्यातील आघाततरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ६.९२ किलोमीटर असतो. मूळ घनता, तरंगाचा वेग आणि धातूचा वेग यांचा गुणाकार केला की दाब येतो सुमारे १२४ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या बारा लाख पट. आकारमान मूळच्या ७१ टक्क्यांवर येते. आंतरिक ऊर्जेतील वाढ धातूच्या वेगाच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे दर किलोमागे २० लाख जूल असते.

आता या ऊर्जेला तांब्याच्या नेहमीच्या विशिष्ट उष्णतेने, म्हणजे किलोमागे ३८५ जूल प्रति केल्व्हिन या आकड्याने, भागले तर तापमानात सुमारे ५,२०० केल्व्हिनची वाढ झाली असे उत्तर येते. प्रत्यक्षात तापमान त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी भरते. कारण त्या २० लाख जूलांतील मोठा वाटा अणूंना एकमेकांच्या जवळ रेटण्यात खर्च झालेला असतो आणि उरलेलाच अणूंच्या थरथरण्यात, म्हणजे उष्णतेत, उतरतो. ही वाटणी कशी झाली हे तीन समीकरणांपैकी एकही सांगत नाही, कारण त्यांत तापमान ही राशीच नाही. पंपातली हवा विरळ असते, तिच्या रेणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षण विसरले तरी चालते आणि दाबण्याचे सगळे काम उष्णतेच्या खात्यात जमा होते. घन धातूत ते विसरता येत नाही, म्हणून आपली तुलना इथे लागू पडत नाही.

ही वाटणी करण्यासाठी दोन गोष्टी लागतात : त्या दाबाखालची विशिष्ट उष्णता, आणि ठरावीक आकारमानात ऊर्जा वाढली तर दाब किती वाढतो हे सांगणारा ग्रूनायझन गुणांक. दोन्ही राशी साध्या दाबाखाली चांगल्या माहीत असतात, पण धातू एक तृतीयांशाने दबल्यावर त्या किती बदलतात याबद्दल अंदाजच बांधावा लागतो. त्यात काही हजार केल्व्हिननंतर धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनही उष्णता शोषू लागतात. लोखंडासारख्या धातूत हा वाटा लहान नसतो, आणि तो किती धरायचा यावर गणिताने काढलेले तापमान शेकडो केल्व्हिनने वरखाली होते. म्हणून दाबावरून काढलेले तापमान हे मोजलेले तापमान मानू नये. ते एका प्रतिमानाचे उत्तर असते, आणि माझ्या मते लोकप्रिय लेखनात हा भेद स्पष्टपणे सांगायला हवा. गेल्या अंकात तो सांगायचा राहिला.

प्रश्न : मी ओतशाळेत काम करतो. वितळलेल्या बिडात आम्ही थर्मोकपल बुडवतो आणि काही सेकंदांत तापमान वाचतो. आघाताच्या प्रयोगातही बारीक तारेचे थर्मोकपल धातूत बसवून काम का भागत नाही?
(पर्यवेक्षक, हडपसर)

उत्तर : असे प्रयोग झाले आहेत, आणि त्यांतून मिळालेला धडा मोलाचा आहे. पहिली अडचण वेळेची. आपल्या भट्टीत काही सेकंद मिळतात, तर गॅस गनच्या, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोराने चकती फेकणाऱ्या तोफेच्या, प्रयोगात धातूची दाबलेली अवस्था सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी, आणि लेसरच्या प्रयोगात त्याहूनही फार कमी टिकते. तेवढ्या वेळात थर्मोकपलच्या जोडाने आसपासच्या धातूचे तापमान गाठायचे असते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. तरंग दोन धातूंच्या जोडातून जातो तेव्हा तापमानाशी संबंध नसलेले विद्युतदाबही तिथे निर्माण होतात. तांबे आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडांवर केलेल्या प्रयोगांत म्हणूनच अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठे संकेत मिळाले. शिवाय जोडाचा धातू आणि आसपासचा धातू यांची दबण्याची रीत वेगळी असल्यामुळे तो जोड स्वतःच वेगळ्या प्रमाणात तापतो. पातळ पत्र्याच्या विद्युतरोधावरून तापमान काढण्याचा मार्गही वापरला जातो. पण रोध दाबानेही बदलतो, त्यामुळे आधी दाबाचा परिणाम वजा करावा लागतो आणि त्या वजाबाकीतली चूक सरळ तापमानात उतरते.

प्रश्न : तापलेल्या धातूच्या प्रकाशावरून तापमान काढतात म्हणे. पण धातू तर अपारदर्शक. मग आतला प्रकाश बाहेर येतो कसा, आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा?
(एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘पण’ अगदी योग्य जागी आला आहे. म्हणूनच ही पद्धत आधी पारदर्शक पदार्थांवर रुजली. सोव्हिएत संघात कोर्मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मिठासारख्या स्फटिकांतून जाणाऱ्या आघाततरंगाची चमक मोजून तापमान काढले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लायझेंगा आणि आरेन्स यांनी १९७९ मध्ये एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर प्रकाश टिपणारा पायरोमीटर वर्णन केला, आणि धातूंच्या मोजमापाला त्यामुळे पक्की बैठक मिळाली.

तत्त्व सोपे आहे. प्लँक यांच्या सूत्रानुसार तापलेला पदार्थ कोणत्या तरंगलांबीवर किती प्रकाश देईल हे त्याच्या तापमानावर ठरते. मात्र ते सूत्र आदर्श काळ्या पदार्थासाठी आहे, आणि खरा धातू त्याच्या काही अंशच प्रकाश देतो. त्या अंशाला उत्सर्जकता म्हणतात. दाबलेल्या, कदाचित वितळलेल्या धातूची उत्सर्जकता आधी कोणी मोजलेली नसते, म्हणजे एका मोजमापातून दोन अज्ञात राशी काढायच्या असतात. अनेक तरंगलांबींवर मोजून उत्सर्जकता सगळीकडे सारखीच आहे असे मानले तर दोन्ही राशी सुटतात, पण हे मानणेच बरेचदा संशयास्पद असते. याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच क्षणी धातूवर बाहेरून प्रकाश टाकून त्याची परावर्तकता मोजणे. अपारदर्शक पदार्थाने जो प्रकाश परत पाठवला नाही तो शोषला, आणि जितका शोषतो तितक्याच अंशाने तो उत्सर्जन करतो, हा किर्खहॉफ यांचा नियम इथे उपयोगी पडतो. आघाताने पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश सगळीकडे विखुरतो, ही त्यातली अडचण.

तरंगलांबीच्या निवडीबाबत एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. ५,००० केल्व्हिनला, अर्ध्या मायक्रॉनच्या तरंगलांबीवर, उत्सर्जकतेत २० टक्क्यांची चूक झाली तरी तापमानात जेमतेम साडेतीन टक्के, म्हणजे सुमारे १७५ केल्व्हिनची चूक होते. तरंगलांबी जितकी आखूड तितकी ही चूक घटते, कारण तिथे प्रकाश तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढतो. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की धातू १,००० केल्व्हिनलाच असेल, तर त्याच तरंगलांबीवरचा प्रकाश ५,००० केल्व्हिनच्या तुलनेत जवळपास एक हजार कोटी पट कमी असतो. मग मोजायला काही उरतच नाही आणि नाइलाजाने अवरक्त प्रकाशाकडे वळावे लागते, जिथे उत्सर्जकतेतील चूक अधिक जाचते आणि जलद शोधकही कमी मिळतात. कमी तापमानाचे मोजमाप अधिक अवघड असते, ते यामुळे.

आता अपारदर्शकतेकडे येऊ. धातूतून आपल्यापर्यंत येणारा प्रकाश त्याच्या पृष्ठभागाच्या काही दशक नॅनोमीटर जाडीच्या थरातूनच येतो. तो पृष्ठभाग मोकळा ठेवला, तर तरंग तिथे पोहोचताच दाब शून्यावर येतो, धातू प्रसरण पावून थंड होतो आणि आपण मोजतो ते दाब सुटल्यानंतरचे तापमान. दाब टिकवायचा तर धातूला पारदर्शक स्फटिकाची खिडकी चिकटवावी लागते. लिथियम फ्लोराइड किंवा नीलमणी, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, त्यासाठी वापरतात. नीलमणी लोखंडाचा दाब अधिक चांगला धरून ठेवतो, पण मोठ्या आघाताखाली स्वतःच चमकू लागतो. लिथियम फ्लोराइड बऱ्याच दाबापर्यंत पारदर्शक राहतो, पण लोखंडापेक्षा खूप हलका असल्याने सीमेवर दाब बराच उतरतो.

खिडकी लावल्यावर दिसते ते सीमेचे तापमान. तापलेल्या धातूला थंड खिडकीचा स्पर्श होताच उष्णता तिच्यात वाहू लागते. शंभर नॅनोसेकंदांत लोखंडात ती एखाद-दीड मायक्रॉन अंतर कापते, तर आपण पाहतो तो थर त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका असतो, म्हणजे संपूर्ण दृश्य थर उष्णता गमावलेला असतो. ग्रोव्हर आणि उर्तीव यांनी १९७४ मध्ये याचा जो हिशोब मांडला, त्यातला दिलासा असा की आदर्श स्पर्श असेल तर सीमेचे तापमान काळाबरोबर बदलत नाही. ते धातू आणि खिडकी यांच्या तापमानांमध्ये, दोघांच्या उष्णतावाहकता, घनता व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकारांवर ठरलेल्या एका जागी स्थिर होते. समजा धातू आत ५,००० आणि खिडकी १,५०० केल्व्हिनला आहे आणि त्या गुणाकारांच्या वर्गमुळांचे गुणोत्तर ०.२ आहे, तर सीमा सुमारे ४,४०० केल्व्हिन दाखवेल. उरलेले ६०० केल्व्हिन हिशोबाने परत मिळवायचे, आणि त्या हिशोबात दाबलेल्या खिडकीची उष्णतावाहकता लागते, जी स्वतःच नीट मोजलेली नसते.

स्पर्श आदर्श नसेल तर चूक उलट्या दिशेला जाते. धातू आणि खिडकी यांच्यामध्ये मायक्रॉनभर फट राहिली, तरी धातूचा पृष्ठभाग त्या फटीत उसळून पुन्हा खिडकीवर आपटतो, दुसरा आघात सोसतो आणि आतल्या धातूपेक्षा अधिक तापतो. तोच थर नेमका आपल्याला दिसतो. हे टाळण्यासाठी धातू निर्वातात वाफ करून थेट खिडकीवर पातळ थर म्हणून बसवतात. पण अशा थरात सच्छिद्रता राहिली तर तोही जास्त तापतो. विश्वास कितपत ठेवावा, याचे माझे उत्तर असे : निबंधातल्या तापमानाच्या आकड्याआधी नमुना कसा तयार केला आणि प्रकाशाचा संकेत काळानुसार सपाट राहिला की उतरत गेला, हे वाचावे. सुरुवातीलाच उंच शिखर आणि मग उतार दिसला तर फटीची शंका घ्यावी.

प्रश्न : लोखंडाच्या वितळणबिंदूबद्दल शास्त्रज्ञांत मोठा वाद होता, तो काय होता आणि मिटला का?
(निवृत्त अभियंता, डोंबिवली)

उत्तर : वाद मोठाच होता आणि तो वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींतून जन्मला होता. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ब्राऊन आणि मॅक्वीन यांनी १९८६ मध्ये तापमान न मोजता, दाबलेल्या लोखंडातील ध्वनीचा वेग मोजला. २४३ गिगापास्कलला तो एकदम घटला, कारण द्रवात आकार टिकवणारे बळ नसते. वितळण्याचा दाब असा मिळाला, पण त्या जागेचे तापमान गणितानेच काढावे लागले आणि ते ५,००० ते ५,७०० केल्व्हिन आले. पुढच्याच वर्षी विल्यम्स, जीनलोझ, आरेन्स आदींनी प्रकाशाच्या मोजमापांच्या आधारे आतल्या गाभ्याच्या सीमेवर ७,६०० अधिक-उणे ५०० केल्व्हिन हा आकडा दिला. १९९३ मध्ये अमेरिकेतीलच लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या यू, होम्स आणि सहकाऱ्यांना प्रकाशावरून २३५ गिगापास्कलला ६,३५० केल्व्हिन मिळाले. त्याच वर्षी बोलर यांनी हिऱ्याच्या ऐरणींमध्ये लोखंड दाबून लेसरने तापवले, आणि त्यावरून वाढवत नेलेला आकडा ३३० गिगापास्कलला ४,८५० केल्व्हिन निघाला. एकाच धातूच्या एकाच दाबाखालच्या वितळणबिंदूत अडीच हजारांहून अधिक केल्व्हिनचे अंतर होते! त्यावर गाभ्यातून किती उष्णता बाहेर येते आणि पृथ्वीचे चुंबकक्षेत्र कशावर चालते, हे सगळे अवलंबून होते.

पुढे लिव्हरमोरच्या न्गुयेन आणि होम्स यांनी २००४ मध्ये ध्वनीच्या वेगाची पद्धत पुन्हा वापरून वितळणे २२५ गिगापास्कलला, सुमारे ५,१०० अधिक-उणे ५०० केल्व्हिनला सुरू होते असे दाखवले. ग्रनोबल येथे हिऱ्याच्या ऐरणींमधील लोखंडाचे वितळणे क्ष-किरणांच्या विवर्तनातून, म्हणजे अणूंच्या मांडणीमुळे ते ज्या ठरावीक दिशांना वळतात त्यावरून, थेट पाहून आंत्सेलिनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३३० गिगापास्कलसाठी ६,२३० अधिक-उणे ५०० केल्व्हिन दिले. गेल्या अंकातला आकडा तो हा. आता बहुतेक मोजमापे या परिसरात येतात. मात्र पाचशेची अनिश्चितता तशीच आहे.

प्रश्न : असे प्रयोग आपल्याकडे होतात का?
(वाचक, चेंबूर)

उत्तर : होतात, आणि आपल्या अगदी जवळ. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅस गनवर धातूंच्या आघाताचे प्रयोग होत आले आहेत. एका टप्प्याच्या गॅस गनमध्ये मिळणारा वेग साधारण सेकंदाला एक किलोमीटरच्या घरातला असतो. तेवढ्या वेगाने तांबे तांब्यावर आदळले, तर दाब सुमारे २१ गिगापास्कल येतो आणि तापमानातील वाढ ३०० केल्व्हिनही भरत नाही. धातूची ताकद आणि त्याचे तडे जाणे अभ्यासण्यासाठी हा पल्ला अतिशय उपयुक्त आहे. प्रकाशावरून तापमान काढण्यासाठी मात्र तो वर सांगितलेल्या अवघड टोकाला पडतो.

प्रश्न : पृष्ठभागाऐवजी धातूच्या आतलेच तापमान मोजण्याची काही युक्ती निघाली आहे का?
(संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : निघाली आहे, आणि तिची कल्पना मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. लॉस अलामॉसमध्ये २००५ च्या सुमारास मॉलिब्डेनममध्ये टंगस्टनचे १८२ वस्तुमानांकाचे समस्थानिक थोडे मिसळून त्या धातूला स्फोटकांनी आघात दिला आणि नेमक्या क्षणी त्यातून न्यूट्रॉनचा झोत पाठवला. टंगस्टन-१८२ चे केंद्रक २१.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन विशेष जोमाने गिळते. धातू तापला की केंद्रके वेगाने थरथरतात आणि डॉप्लर परिणामामुळे गिळण्याची ही अरुंद रेषा रुंदावते. तिची रुंदी मोजली की अणूंच्या हालचालीचे, म्हणजे तापमानाचे, माप मिळते. इथे उत्सर्जकता नाही, खिडकीचे भांडण नाही, आणि न्यूट्रॉन धातूच्या पूर्ण जाडीतून जात असल्याने मोजमाप आतल्या धातूचे असते. किंमत अशी की एकाच तडाख्यात पुरेसे न्यूट्रॉन देणारा शक्तिशाली प्रवेगक हवा, आणि स्फोट त्याच्या ठोक्याशी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापर्यंत जुळवावा लागतो.

क्ष-किरणांचा मार्गही याच दिशेने जातो. रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर टायटेनियमसारख्या धातूंच्या क्ष-किरण शोषणातील बारीक लहरी मोजण्यात आल्या. अणू जितके जास्त थरथरतात तितक्या त्या लहरी पुसट होतात. मात्र दाबाने अणू अधिक घट्ट बसतात आणि थरथर कमी होते, त्यामुळे दोन्ही परिणाम वेगळे करावे लागतात. लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लोखंड १,००० गिगापास्कलपर्यंत दाबून त्याचे वितळणे क्ष-किरण विवर्तनातून पाहिल्याचा निबंध २०२२ मध्ये आला, तोही एक मोठा टप्पा. पण तिथेही घन की द्रव एवढेच विवर्तनाने ठरवले आणि तापमान उष्मागतिकीच्या हिशोबातून काढले.

२०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर सोन्याच्या ५० नॅनोमीटर जाडीच्या पटलातून विखुरलेल्या क्ष-किरणांचे रुंदावणे मोजून अणूंचे तापमान थेट काढण्यात आले, आणि ते १९,००० केल्व्हिनपर्यंत गेले. ते सोने आघाताने तापवलेले नव्हते, दुसऱ्या लेसरच्या अतिलघु स्पंदाने तापवलेले होते. पण न्यूट्रॉनच्या पद्धतीप्रमाणे इथेही उत्सर्जकता किंवा प्रतिमान मध्ये येत नाही. हीच पद्धत २०० गिगापास्कलच्या पुढे दाबलेल्या लोखंडावर चालवायची, तर प्रत्येक आघातातून पुरेसे विखुरलेले फोटॉन मिळवावे लागतील. आपण संशोधनाचा विषय शोधत असाल, तर शोधकांची संवेदनशीलता वाढवण्याचे हे काम जरूर पाहावे.